नाक सरळ दिसण्याचा कोन

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

नाकाची आजची स्थिती: शेंडा उजवीकडे. डावी नाकपुडी प्रशस्त, उजवी जेमतेम. डावीकडून पाहिलं तर देखणा, उजवीकडून पाहिलं तर दुसराच कुणी, समोरून पाहिलं तर दोघांचं भांडण.

पार्श्वभूमी, एकदाच लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. घरी सांगितलं, नव्या लेन्सच्या ट्रेनिंगला बारा दिवस बाहेरगावी जातोय. परत आलो तो नाकावर पट्टी घेऊन. सांगितलं, काचेच्या दारावर आपटलो. सौ. म्हणाली, चष्म्याच्या दुकानात काम करता, निदान काच तरी दिसायला हवी होती. विषय तिथेच संपला. मूळ नाक वडिलांचं, मधोमध चांगला उंचवटा असलेलं. शाळेत मला पोपट म्हणायचे. ऑपरेशनने उंचवटा गेला, पोपट गेला. पहिलं वर्ष झकास. मग सूज पूर्ण उतरली आणि नाक हळूहळू उजवीकडे निघालं. अजून थांबलेलं नाही असा मला दाट संशय आहे.

पण मी हातपाय गाळणारा माणूस नव्हे. डोकं किंचित उजव्या खांद्याकडे कललं की नाक सरळ दिसतं, हा शोध मी स्वतः लावला. याला मी ‘कोन’ म्हणतो. गेली पाच वर्षं कोन सांभाळतोय. आजवर कुणाला काडीचाही संशय आलेला नाही.

संकल्प: या वर्षी नाकाची दुरुस्ती करून घेणे. तोवर आरशात दिवसातून चारदाच पाहणे.

२ फेब्रुवारी, सकाळी ११.१५

दुकानात अकरा आरसे आहेत. दुसरा संकल्प घरापुरता धरावा.

५ फेब्रुवारी

चष्मा घसरतो. पूर्वी त्या उंचवट्यावर ठाण मांडून बसायचा. आता सरळ घसरगुंडी. डॉक्टरने तासून काढलं ते नेमकं चष्म्याचं बसायचं ठिकाण होतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण त्या दिवशी मला चष्मा काढून ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे लक्षात आलं नाही.

आज चौथं रबरी पॅड चिकटवलं. मेहुणा, म्हणजे सौ.चा थोरला भाऊ आणि दुकानाचा मालक, म्हणाला की भाऊजी, गिऱ्हाइकांसमोर तरी चष्मा सारखा वर ढकलू नका, आपलीच उलटी जाहिरात होते. मी म्हटलं, ही माझी विचार करायची लकब आहे. तो म्हणाला, मग जरा कमी विचार करा.

८ फेब्रुवारी

शाळेतल्या बाई परत आल्या. चष्मा वाकडा बसलाय म्हणे, डावी बाजू खाली. समोर बसवून नीट पाहिलं. शंभर टक्के सरळ. या महिन्यातली ही तिसरी तक्रार.

फिटिंगची खुर्ची एकोणीस वर्षं माझी आहे. दुकानाचे जुने कारागीर, मास्तर, मागच्या खोलीत काचा घासतात, फ्रेममध्ये बसवतात. पण तो चष्मा माणसाच्या तोंडावर सरळ आणायचा, काड्या गरम करून वाकवायच्या, नाकावरची पॅड जमवायची, हे माझं काम. पट्टी नाही, मोजमाप नाही. नुसती नजर. बाईंना सांगितलं की घरचा आरसा भिंतीवर वाकडा टांगला असेल. त्या म्हणाल्या, वर्गातली मुलंसुद्धा सांगतात. मी म्हटलं, मुलं वाकडी बसत असतील. त्या गेल्या. समाधान झालं असावं, कारण पुढे काही बोलल्या नाहीत.

१० फेब्रुवारी, रविवार

भाजी आणायला गेलो आणि डोळे उघडले. रस्त्यात चौतीस चष्मेवाले मोजले. एकतीस जणांचे चष्मे वाकडे! आणि सगळ्यांचे एकाच बाजूला, उजवीकडे खाली. सरळ होते फक्त तिघांचे. तिघेही आपले गिऱ्हाईक.

बाकीच्या दुकानदारांची कीव आली. एवढ्या मोठ्या गावात सरळ नजर असलेला मी एकटाच उरलो की काय! जबाबदारीने छाती दडपली. भाजी विसरलो.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याने आत बोलावलं. तक्रारी नऊ झाल्या म्हणाला. वकीलसाहेबांचा चष्मा कोर्टात टेबलावर पडला. एका ड्रायव्हरला रस्ता चढाचा वाटतो. मी कानांचा सिद्धान्त मांडला: लोक फोन सतत एकाच कानाला लावतात, त्या वजनाने तो कान खाली येतो.  मेहुण्याने स्वतःचा कान चाचपला. म्हणजे पटलं.

नंतर म्हणाला की कन्येचा डोळे तपासायचा कोर्स आता पुरा झाला आहे, तर महिनाअखेरीला फिटिंगच्या खुर्चीवर कुणी बसायचं ते ठरवू. कन्या म्हणजे माझीच मुलगी. माझ्या हाताखाली शिकेल, आनंदच आहे.

दुपारी मात्र जेवण गेलं नाही. त्या खुर्चीचा डावा हात माझ्या कोपराने गुळगुळीत झाला आहे. तिथून मला उठवलं तर दिवसभर कुठे बसायचं, हा विचार मनात आला आणि भीती वाटली. खरंच वाटली. म्हणून लिहिलं.

१४ फेब्रुवारी

काल उगाच घाबरलो. खुर्ची कुठे जात नाही.

मात्र सावधगिरी म्हणून दुकानात थोडी शिस्त लावली. अक्षरांचा तक्ता भिंतीवर वाकडा होता, तो सरळ केला. घड्याळ सरळ केलं. दारावरची पाटी शिडी लावून सरळ केली. संध्याकाळपर्यंत काय पाहावं, तर तक्ता वाचताना प्रत्येक गिऱ्हाईक आपोआप माझ्यासारखं डोकं कलतं करत होतं. कोनाची फॅशन येतेय.

मास्तर शिडीवर चढले होते. विचारलं तर म्हणाले, पाटी पुसतोय.

१६ फेब्रुवारी, दुपारी ४

फार महत्त्वाचं. चहाचे कप ठेवायला मागच्या खोलीकडे गेलो तर मेहुणा आणि मास्तर बोलत होते. मी दाराशी थांबलो. ऐकायला नव्हे, कप गरम होते.

मेहुणा म्हणत होता, “त्यांच्या मानेचा विचार करायला हवा. इतक्या वर्षांची आहे ती. आता त्यांना जास्त काम सांगायला नको.” मास्तर म्हणाले, “साहेबांच्या मानेबद्दल सगळ्या बाजारात बोलतात.” मेहुणा म्हणाला, “महिनाअखेरीला मानेसाठी काहीतरी देऊ. चारचौघांत दिलं म्हणजे नाही म्हणणार नाहीत.”

मला भरून आलं. सत्कार! फक्त भाषा. ‘मानेचा’ नव्हे, ‘मानाचा’. आणि मान ‘ती’ कशी असेल? मान ‘तो’ असतो. तो मान, मोठा मान, मानाचा विचार. मेहुणा कॉमर्सचा, त्याचं व्याकरण कच्चंच. मास्तर त्याचंच पाहून बिघडले. पण भावना पोचली.

कप जागेवर ठेवायचे राहिले. हातात घेऊनच खुर्चीवर येऊन बसलो.

१७ फेब्रुवारी, रविवार

सत्काराच्या भाषणाचा मसुदा केला. सात पानं झाली. नम्रता वाढवायला हवी.

सौ. मानेला तेल चोळत होती. हे ती रोज करते, आंघोळीआधी, गेली पाच वर्षं. उशाही सारख्या बदलते, आत्ताची सहावी. लग्नाला बावीस वर्षं होऊनही एवढं प्रेम! चोळता चोळता म्हणाली, दादा सांगत होता की आता तुमच्या मानेचं काहीतरी करायलाच हवं. म्हणजे हिलाही ठाऊक आहे. आणि व्याकरण तेच. माहेरचं वळण, दुसरं काय! मी हळूच सुधारलं, “मानाचं.” ती म्हणाली, “तेच ते, दुखतं ना?” मी म्हटलं, मान मिळताना कुणाला दुखतं? तिने आणखी जोराने चोळलं.

१९ फेब्रुवारी

सत्काराच्या फोटोत नाक सरळ असावं म्हणून डॉक्टर गाठायचं ठरवलं. सहा वर्षांपूर्वीच्या दवाखान्याच्या जागी आता मोटार शिकवण्याचं ऑफिस आहे. आत डोकावलो. तिथल्या माणसाने विचारलं, सरळ रेषेत चालवता येतं का? मला तो टोमणा वाटला.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई शोधल्या. त्यांनी आधी फोटो काढायला उभं केलं. म्हणाल्या, सरळ बघा. बघत होतोच. परत म्हणाल्या, सरळ. मग नर्सला बोलावलं. नर्सने दोन्ही हातांनी डोकं धरून फिरवलं, हात काढले, ते आपलं जागेवर आलं. असं चारदा. शेवटी बाईंनी कॉम्प्युटरवर रेघा मारल्या. म्हणाल्या, नाक तीन मिलिमीटर कललंय, लक्षातसुद्धा येणार नाही. डोकं बारा अंश कललंय. दुसरं ऑपरेशन सध्या नको, आतला व्रण कडक झालाय. आधी पोश्चर सुधारा, मग बोलू.

तीन मिलिमीटर म्हणे! बाईंचा कॅमेरा वाकडा असावा. बाहेर पडताना त्यांच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट सरळ करून आलो.

२२ फेब्रुवारी

कन्या चार दिवस दुकानात येतेय. खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसते. तिला वडिलांचं नाक लागलं आहे, म्हणजे माझ्या वडिलांचं, उंचवट्यासकट. चष्मा असा बसतो की कुठे हलायचं नाव नाही. बापाचं काळीज हळहळलं. तिला हळूच विचारलं, नाकाचं काही करून घ्यावंसं वाटतं का? म्हणाली, काय करायचं? मी म्हटलं, म्हणजे थोडं कमी. ती हसली. म्हणाली, बाबा, या नाकावर मी पळते, पोहते, झोपतेसुद्धा, चष्मा जागचा हलत नाही. बिचारी दुःख लपवते.

मग तिने खिशातून छोटी पट्टी काढली आणि मी नुकताच बसवलेला चष्मा गिऱ्हाइकाच्या तोंडावर मोजला. मी म्हटलं, आपल्याकडे हे चालत नाही, नजर लागते. तिने वहीत काहीतरी लिहिलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी वही उघडून पाहिली. आकड्यांची एक लांब रांग होती. माझ्या कामाचा अभ्यास करतेय. भाषणात तिचा उल्लेख घालावा.

२६ फेब्रुवारी

भाषण दोन पानांवर आणलं. ‘मान’ हा शब्द चौदा वेळा येतो. शोभतो.

२८ फेब्रुवारी, दुपारी १.३०

सगळं ताटात वाढून मिळावं तसं झालं आहे. दुकान बंद करून सगळे जमले आहेत. सौ. आली, आई आली. टेबलावर कागदात गुंडाळलेला खोका. आकारावरून मानचिन्ह. कोन पक्का केला आहे. आता बाहेर जातो.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

क्रमाने लिहितो.

मेहुणा उभा राहिला. भाऊजींच्या मानेची आम्हां सगळ्यांना काळजी आहे, एवढंच म्हणाला आणि खोका पुढे केला. मी तो न उघडता भाषण सुरू केलं. म्हटलं, हा मान माझ्या एकट्याचा नाही. सगळे गंभीर झाले. म्हटलं, हा मान मिळवायला मी एकोणीस वर्षं या खुर्चीवर झिजलो. मास्तरांनी डोळे पुसले. म्हटलं, माझा मान दिवसेंदिवस वाढत गेला, तो तुम्हां सर्वांमुळे. मेहुण्याने खाली पाहिलं. शेवटी कन्येकडे हात करून म्हटलं, हाच मान हिलाही लाभो. सौ. पटकन म्हणाली, “देव न करो!”

मग खोका उघडला. मानेचा पट्टा निघाला. पांढरा, जाड, हनुवटीला टेकू देणारा. वर मोठ्या आकाराचा म्हणून लिहिलेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेहुणा म्हणाला, हट्ट नका करू भाऊजी, एवढी वर्षं मान वाकडी घेऊन बसलात, चष्मे सगळे त्या कलाने बसतात. कन्येने वही पुढे केली. तिने मोजलेल्या सव्वीसच्या सव्वीस चष्म्यांची डावी बाजू खाली. सगळ्यांची अगदी सारखी. म्हणाली, बाबा, हात तुमचा फार स्थिर आहे, एकाही चष्म्यात फरक नाही.

इथे माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की माझ्या मानेला धाड भरलेली नाही! नाक आहे ते! नाक वाकडं आहे म्हणून मी मान कलती ठेवतो! आणि मग बोलायला लागलो तो थांबेना. ट्रेनिंग नव्हतं, काचेचं दार नव्हतं, ऑपरेशन होतं, सगळं सांगून टाकलं.

 मग सगळे माझ्या नाकाकडे पाहायला लागले. पाच वर्षांत प्रथमच. मेहुणा जवळ आला. मास्तर काचा तपासायचं भिंग घेऊन आले. एकाने डोकं इकडे केलं, एकाने तिकडे. शेवटी मेहुणा म्हणाला, हो, आहे जरा वाकडं. मास्तर म्हणाले, आता सांगितल्यावर फारच दिसतंय.

आईला एका कानाने ऐकू येत नाही, तिला काही कळलं नाही. तिने शेजारी विचारलं, सत्कार झाला का?

सौ. मात्र रिक्षा बघायला बाहेर गेली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “पाच वर्षं रोज तेल चोळलं मी. सहा उशा आणल्या. एकदा सांगायचं होतंत.” पुढे म्हणाली, “तुमचं पहिलं नाक बघूनच मी हो म्हटलं होतं.” मला रस्ताभर तिच्याकडे पाहता आलं नाही. फार लाज वाटली. पट्टा मांडीवर होता, तो रिक्षातून बाहेर टाकावासा वाटला, पण तो घरी आल्यावर मी लावला. सौ.नेच मागून बांधून दिला.

१ मार्च

पट्ट्यामुळे डोकं सरळ. जग उजवीकडे उतरतंय असं वाटतं. अक्षरांचा तक्ता, घड्याळ, पाटी, मी सरळ केलेलं सगळं वाकडं आहे. मास्तरांना म्हटलं, शिडी आणा. ते म्हणाले, मी रोज संध्याकाळी सरळ करायचो, साहेब, तुम्ही रोज सकाळी वाकडं करायचात.

खुर्चीवर कन्या. मी दाराजवळच्या टेबलावर, गिऱ्हाइकांची नावं लिहायला. ही बढती आहे. सगळ्यात आधी लोकांना मीच दिसतो.

४ मार्च

हेच नडलं. मेहुण्याने जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं. कन्या एकेकाचा चष्मा सरळ करते. चष्मा सरळ झाला की माणूस आजूबाजूला पाहतो, खूश होतो, बाहेर जाताना माझ्या टेबलाशी थांबतो आणि विचारतो, “साहेब, नाकाला काय झालं?”

शाळेतल्या बाईंनी विचारलं. वकीलसाहेबांनी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, रस्ता एकदम सपाट झाला, पण तुमचं नाक! सौ.चा चष्माही आज सरळ झाला. ती माझ्याकडे बघून हसली. त्या रिक्षानंतर पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो.

आजचा आकडा एकोणीस. उद्या रविवार असता तर बरं झालं असतं.

५ मार्च

आईचा दोन भिंगांचा चष्मा चार वर्षांपूर्वी मीच बसवला होता. कन्येने तो आज घरी आणून सरळ करून दिला. आईने घातला. पंख्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  माझा चष्मा घसरून पट्ट्यावर आला होता, तो मी वर केला.

म्हणाली, “नाकाला काय झालं रे तुझ्या?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या बऱ्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, आई, मला वडिलांचं नाक नको होतं. ऑपरेशन केलंय.

तिने हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. पट्ट्यामुळे मलाही अख्खं वळावं लागलं. नाकावरून, जिथे उंचवटा होता तिथून, अंगठा फिरवला. मग म्हणाली, “करून टाक ऑपरेशन. काही घाबरू नकोस. एकदा झालं ना, की अगदी पूर्वीसारखं होईल बघ.”

मी हो म्हटलं.